आजीच्या पुतळ्या, एक गिनी आणि विकायला आलेले दोन 'शिवकालीन होन', खरं-खोटं कसं ओळखायचं?

दाभोळी_नाका

नमस्कार मंडळी, वेंगुर्ल्याहून लिहितोय. आजी गेली त्यानंतर तिची पेटी उघडली तर त्यात तुटलेली पुतळीमाळ निघाली, अकरा पुतळ्या शिल्लक आहेत, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. प्रत्येक पुतळीला वर कडी झाळलेली आहे. त्यासोबत एक गिनी, ती पण पदक करून घातलेली असणार कारण तिलाही कडी आहे. गिनीवर दाढीवाला राजा आणि मागे घोडेस्वार, साल १९१३.

मी सगळं घेऊन पेढीवर गेलो. त्यांनी मशीनवर ठेवून टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढली, गिनी ९१.६ च्या आसपास, दहा पुतळ्या ९२ ते ९४ च्या मध्ये आणि एकच पुतळी ९८ च्या वर. मग ते म्हणाले सोनं खरं आहे, पण असल्या जुन्या चकत्यांना आता कोण विचारतंय, मोडा आणि नवीन काहीतरी करा. आई नको म्हणतेय. मला प्रश्न असा आहे की सोनं खरं म्हणजे नाणं पण खरं असं धरायचं का? कारण पुतळ्यांवरची अक्षरं बघितली तर कुठल्याच भाषेतली वाटत नाहीत, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आहेत.

दुसरी गोष्ट, आणि ही जास्त अर्जंट आहे. पेटीची बातमी गावात फिरली बहुतेक, कारण एक माणूस घरी आला, आपल्याकडचा नाही, आणि त्याच्याकडे दोन सोन्याचे होन आहेत. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्र पति. म्हणतो रायगडाच्या बाजूला शेत नांगरताना सापडले, बहिणीचं लग्न आहे म्हणून विकतोय, सोन्याच्या भावाच्या दुप्पट द्या. एक होन त्याने पेढीवर तपासायला दिला होता, तो सोन्याचाच निघाला. मला नाण्यांचा नाद आत्ताच लागलाय त्यामुळे मोह होतोय, खोटं कशाला बोलू. घ्यावे का?

पेढीवरचा

आधी होन घेऊ नका, बाकीचं नंतर बोलू. त्यावर इथले जाणकार लिहितीलच.

मी स्वतः सोनारकाम करतो, कुडाळच्या बाजूला, तर मशीनचं सांगतो. ते एक्सरेवर चालतं आणि नाण्याच्या वरच्या अगदी पातळ थराचंच वाचन देतं, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. जाड मुलामा दिलेला असेल तर मशीन आनंदाने चांगला आकडा दाखवेल. कसोटीवर घासून कस बघितला तरी तीच गोष्ट, आणि शिवाय नाण्यावर ओरखडा पडतो तो वेगळा, म्हणून संग्रहाचं नाणं कोणी दगडावर घासू देऊ नये. चुंबकाला चिकटत नाही म्हणजे सोनं असं पण काही जण सांगतात, अहो पितळ तरी कुठे चिकटतं चुंबकाला.

घरच्या घरी करायची खात्रीची गोष्ट म्हणजे पाण्यातलं वजन. शून्य पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा, नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात असं सोडा की पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही, दोरा हातात धरायचा. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. गिनी मुळात ७.९८ ग्रॅमची, २२ कॅरेटची, तिची घनता साडेसतरा ते पावणेअठराच्या मध्ये यायला हवी, म्हणजे पाण्यात ०.४५ च्या आसपास दिसेल. पितळेचं तेवढ्याच वजनाचं नाणं असेल तर ०.९ च्या वर जाईल, लगेच कळतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका नाहीतर कडीत हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा चुकतो.

पुतळी मात्र एकेकटी अशी तोलू नका. साडेतीन ग्रॅमची वस्तू, शुद्ध असेल तर पाण्यात ०.१८ दाखवणार, काटा एका घराने इकडेतिकडे झाला की हिशेब बोंबलला. दहा एकत्र दोऱ्यात ओवून तोला.

मालवणातून_मावशी

रे झिला, पुतळ्यो मोडूक देऊ नको हां. माझ्या सासूची माळ आसा, लग्नाकार्यात सगळ्यो सुनो घालतत. नाण्यांचा काय ता माका कळणा नाय, पण पेढीवालो मोड म्हणता तेव्हा तेचो फायदो कितको आणि आपलो कितको ता आधी इचार.

नाणीवेडा_रत्नांग्री

मावशी एकदम बरोबर. आता पुतळ्यांचं.

खरी पुतळी म्हणजे इटलीतल्या व्हेनिसचं डुकाट नावाचं नाणं. १२८४ पासून ते व्हेनिसचं राज्य नेपोलियनने १७९७ ला बुडवेपर्यंत पाचशे वर्षं जवळपास त्याच छापाचं, त्याच वजनाचं, साडेतीन ग्रॅम आणि तेव्हाच्या तंत्राने जमेल तितकं शुद्ध सोनं. मिरी-मसाला आणि कापड घ्यायला हे सोनं इजिप्त आणि तांबड्या समुद्रावरून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यायचं, आणि इथे लोकांनी ते खर्च करण्यापेक्षा गळ्यात घातलं. एका बाजूला उभे संत मार्क आणि त्यांच्यासमोर गुडघा टेकून बसलेला व्हेनिसचा डोज म्हणजे तिथला राज्यप्रमुख, दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी, कडेने वरून खाली डोजचं नाव आणि संताचं नाव. दुसऱ्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांमध्ये उभा येशू. आपल्याकडे किती घरांत त्याला राम-सीता समजून हळदकुंकू लागलंय ते मोजायला नको.

पण सगळ्या पुतळ्या व्हेनिसच्या नसतात, उलट घरोघरच्या माळांमध्ये जास्त करून इथल्याच असतात. मूळ नाणी पुरेनात आणि दागिन्याला मागणी तर होतीच, म्हणून आपल्याकडच्या सोनारांनी बघून बघून ठसे बनवले आणि पाडली. ठसा करणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती, त्याने अक्षरांच्या जागी रेघा मारल्या, मग पुढच्याने त्या रेघांची नक्कल केली, असं करत करत संत आणि डोज दोघेही काठीला धरून उभ्या राहिलेल्या दोन बाहुल्या झाल्या. तुमच्या रेघांच्या दहा पुतळ्या बहुतेक ह्याच. ९२-९४ टंच पण त्याच्याशी जुळतो, मूळ डुकाट इतका खाली यायचा नाही, कडीची झाळ धरली तरी.

आता ह्याला खोटं नाणं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. कोणाला फसवायला केलेलं नव्हतं, दागिना म्हणून केलेलं होतं आणि दागिना म्हणून ते शंभर टक्के खरं आहे. परदेशातसुद्धा ह्या भारतीय नकला वेगळ्या म्हणून जमवणारे लोक आहेत. फक्त विकणाऱ्याने ती व्हेनिसची म्हणून विकली तर तो लबाड.

ती अकरावी, ९८ वाली, तिचा फोटो टाका. समोरून फ्लॅश मारू नका, टेबललॅम्प एका बाजूला खाली ठेवून तिरका उजेड पाडा म्हणजे अक्षरं उठून दिसतील. आणि प्लीज चिंच, रिठे, पितांबरी काहीही लावू नका, घासलेलं नाणं संग्राहक बाजूला ठेवतो.

चौलकर

होनाबद्दल मी लिहितो, आमच्या जिल्ह्यातली गोष्ट आहे.

शिवराई होन खरा मिळणं म्हणजे किती दुर्मिळ ते आधी समजून घ्या. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचं नाणं, वजन पावणेतीन ग्रॅमच्या आगेमागे, आजवर खात्रीचे असे फार थोडे माहीत आहेत आणि लिलावात आला तर लाखांच्या भाषेत बोलणं होतं. तो माणूस सोन्याच्या दुप्पट भावात देतोय! त्याला एवढीच घाई असती तर मुंबईत कुठल्याही लायसन्सवाल्या लिलावात नेऊन त्याने बहिणीची चार लग्नं केली असती.

दुसरं म्हणजे होनाच्या नकला ढीगभर आहेत. आठवण म्हणून घ्यायच्या पितळी, चांदीच्या, सोन्याच्या पण, उघडपणे नक्कल म्हणून विकतात, त्यात काही गैर नाही. गैर तिथे सुरू होतं जिथे कोणीतरी तीच वस्तू मातीत पुरून, ॲसिडमध्ये बुडवून जुनी करतो. आणि लक्षात घ्या, त्याचा होन सोन्याचा निघाला ह्यात काहीच नवल नाही. पावणेतीन ग्रॅम सोन्याचा खर्च करून दुप्पट मिळत असतील तर नकली नाणं खऱ्या सोन्यातच पाडणार ना, पितळेत कशाला पाडेल. टंच सोन्याचा निघतो, नाण्याचा निघत नाही.

त्याच्याकडे दोन आहेत ही उलट चांगली गोष्ट आहे. दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. तेव्हाचं नाणं हाताने पाडायचे, चकती ठशाखाली ठेवून हातोडा, त्यामुळे एकाच ठशाची दोन नाणी असली तरी एकात छाप डावीकडे सरकलेली, दुसऱ्यात वर सरकलेली, एकात कडेला चीर, एकात नाही, असं असणारच. दोन्हीवर तेच अक्षर त्याच जागी कापलेलं, तोच खड्डा त्याच जागी, तर दोन्ही एका साच्यातून ओतलेली आहेत, विषय संपला.

ओतीव नाण्याच्या बाकीच्या खुणा म्हणजे भिंगातून बघितलं तर पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी बारीक भोकं, अक्षरांच्या कडा वापरून झिजलेल्या साबणावरच्या नावासारख्या मऊ, आणि बाजूने किनार फिरवून बघितली तर साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, ती रेघ कानशीने घासून काढलेली असेल तर घासल्याचे समांतर ओरखडे. धातू थंड होताना आकसतो म्हणून ओतीव नक्कल मूळ नाण्यापेक्षा किंचित लहान पण असते.

आणि शेवटचं, समजा चमत्कार होऊन ते खरेच शेतात सापडलेले असले तरी घ्यायचे नाहीत. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत सापडलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणजे खोटे असतील तर पैसे गेले आणि खरे असतील तर लफडं गळ्यात.

कोळीवाडा_हर्णै

आमच्याकडे एक व्हॉट्सॲपवर फिरतंय, ईस्ट इंडिया कंपनी १८१८ लिहिलेलं नाणं ज्याच्यावर राम-सीता-हनुमान आहेत, म्हणे करोडोंना जातं, शेजाऱ्याकडे आहे एक, तो तांदूळ चिकटतात वगैरे दाखवत असतो. ते पण खोटं का मग? आणि नाणं दाताने चावून बघतात ते?

नाणीवेडा_रत्नांग्री

खोटं म्हणजे कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, ती जत्रेत मिळणारी टोकनं. तांदूळ चिकटवण्याचा खेळ करून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत, शेजाऱ्याला सांगा सांभाळून. तसंच जुनी नाणी-नोटा विका, आधी कमिशन भरा, असे फोन येतात त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव घेतात, त्यावर बँकेने २०२१ मध्ये स्वतः इशारा काढला होता की आमचा असल्या व्यवहारांशी काही संबंध नाही.

आणि चावू नका हो. दात पण जाईल आणि नाणं पण.

दाभोळी_नाका

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

चौलकर दादा, तुम्ही सांगितलं तसं होनांचे फोटो शेजारी लावून मोठे केले. दोन्हीवर 'त्र' चा उजवा भाग कापलाय, तोच, तसाच. आणि 'श्री' च्या वर एक बारीक खड्डा आहे तो दोन्हीवर आहे. त्या माणसाला मी फक्त एवढंच विचारलं की दोन्ही नाणी घेऊन ये, आपण भिंगाखाली बघू, तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही.

पाण्याचा प्रयोग केला. दहा पुतळ्या ओवून कोरडं वजन ३४.६२, पाण्यात १.९३. गिनी कडीसकट ८.२१, पाण्यात ०.४७. भागाकार केला तर पुतळ्या १७.९ आणि गिनी १७.५. म्हणजे आत पण सोनंच ना?

अकरावीचा फोटो टाकलाय. तिच्यावर अक्षरं वाचता येतात, कडेला एम ए एन आय एन असं काहीतरी आहे. कडीसकट ३.६२.

पेढीवरचा

हो, आतबाहेर सोनंच. पुतळ्यांची १७.९ म्हणजे मशीनच्या ९२-९४ शी जुळतंय, गिनी झाळीमुळे जराशी खाली आली असेल. एक सांगून ठेवतो, टंगस्टन नावाचा धातू घनतेला शुद्ध सोन्याच्या अगदी जवळ आहे, १९.२५ विरुद्ध १९.३२, त्यामुळे शुद्ध सोन्याच्या बिस्किटात तो भरला तर पाण्याची ट्रिक फसते. पण असल्या पातळ पुतळीत कोण घालणार तो, त्याची चिंता बिस्किटवाल्यांनी करावी.

खाडीपलीकडे

गिनीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी. माझ्याकडे थोड्याफार आहेत. आपल्याकडे ह्या आल्या कशा तर १८९९ पासून सॉव्हरिन म्हणजे हीच गिनी इथे १५ रुपयांना कायदेशीर चलन होतं, मुंबईत नोकरी करणारा, बोटीवर जाणारा कोकणी माणूस साठवलेले पैसे गिनी करून घरी आणायचा.

१९१३ म्हणजे पाचवा जॉर्ज, बरोबर आहे, त्याच्या गिन्या १९११ पासूनच्या. हे राजा आणि साल जुळवणं फार कामाचं आहे, कारण नकली करणारे इथे हमखास घोळ घालतात. सहाव्या जॉर्जच्या गिन्या फक्त १९३७ च्या, त्या पण खास संग्रहासाठी काढलेल्या, म्हणजे कोणी त्याची १९४२ ची गिनी दाखवली तर हसून चहा पाजा आणि पाठवून द्या. व्हिक्टोरियाचा तरुण चेहरा आणि साल १८९५ असं असलं तरी तेच, १८९३ पासून ती डोक्यावर ओढणी घेतलेली म्हातारी दिसते.

घोड्याच्या पायाखाली जी जमिनीची पट्टी आहे तिच्यावर, सालाच्या वर, मधोमध एखादं बारीक अक्षर आहे का बघा. ते टांकसाळीचं. काही नसेल तर लंडन. इंग्रजी 'आय' असेल तर मुंबई, पण जुन्यांमध्ये मुंबईची फक्त १९१८ ची, तुमच्या १९१३ वर ते दिसलं तर गडबड आहे. हल्लीच्या, २०१३ पासून भारतात पाडलेल्या एलिझाबेथ राणीच्या गिन्यांवर पण 'आय' असतं, ते वेगळं.

मग भिंगाने राजाच्या मानेच्या कापावर बी एम ही अक्षरं, आणि मागे खाली उजवीकडे बी पी, ती स्वच्छ हवीत. नकलीवर ती बहुतेक गुठळी होऊन बसतात. नाणं उभं धरून डावीकडून उजवीकडे फिरवलं तर मागचा घोडेस्वार सरळच दिसला पाहिजे, उलटा किंवा तिरका नाही. कडेचे दाते सगळीकडे सारख्या अंतरावर. मोकळ्या जागेत, म्हणजे राजाच्या नाकासमोर वगैरे, वर उठलेले बारीक ठिपके दिसले तर संशय घ्या, ते ठशातल्या खड्ड्यांमुळे येतात.

हे सगळं एवढ्यासाठी की गिनीच्या नकला पण पूर्ण सोन्याच्या झाल्यात. १९५०-६० च्या सुमारास बैरूतकडे भरपूर पाडल्या, कारण गिनीला सोन्याच्या भावाच्या वर पैसे मिळायचे, तो वरचा फरक हाच धंदा. म्हणून ९१.६ आलं एवढ्यावर थांबू नका.

सडा_आणि_आंबा

खरी आहेत की नाही नक्की करायचं तर अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपनीकडे पाठवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून घ्या, मग कोणी बोलूच शकत नाही.

चौलकर

असं करू नका!! १०० वर्षांच्या वरचं नाणं आपल्याकडे पुरावस्तू धरतात, १९७२ च्या कायद्याने ते असं देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१३ ची गिनी पण त्यात आली. कुरिअरवाला घेईल, कस्टम पकडेल. शिवाय त्या डब्या पण खोट्या निघतात, डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं ताडून बघावं लागतं. इकडेच जाणकार आहेत की, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची मोठी संस्था आहे. आणि खरी नाणी नुसती डोळ्यांखालून घालायची असतील तर मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं म्युझियम आहे, नाद लागलाच आहे तर तिथून सुरुवात करा. खरी नाणी भरपूर बघितलेल्याला खोटं आपोआप खटकतं.

नाणीवेडा_रत्नांग्री

फोटो बघितला. एम ए एन आय एन म्हणजे मानिन, लुदोविको मानिन, व्हेनिसचा शेवटचा डोज, १७८९ ते १७९७. आता लगेच नाचू नका कारण मानिनच्या नावाच्या पण नकला झाल्यात. पण अक्षरं सुवाच्य आहेत, येशूभोवतीचे तारे वेगवेगळे दिसतायत, वजन कडी वजा केली तर साडेतीनला येतंय आणि ९८ च्या वरचा टंच झाळ धरून आहे. माझा कल खऱ्याकडे आहे. पण मला किनार बघायची आहे, कडीच्या दोन्ही बाजूंनी, आणि डोजच्या गुडघ्याखालचा भाग जवळून, तिथे फोटो धूसर आलाय. कडी काढायला कोणाला देऊ नका, झाळ काढताना आच लागते आणि तिथला छाप जातो, कडीमुळे संग्राहकाच्या नजरेत किंमत कमी झालीय ती झालीय, काढून वाढणार नाही.

दाभोळी_नाका

आज संध्याकाळी टाकतो फोटो. गिनीवर जमिनीच्या पट्टीवर काहीच अक्षर नाही, बी पी स्पष्ट आहे, बी एम भिंगातून कसंबसं दिसलं. आईने आत्ताच सांगितलंय की माळ परत ओवून घ्यायची, अकराच्या अकरा, आणि ती खरी वाली मध्ये. सोनाराला फक्त दोरा आणि मणी द्यायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. पेढीवरचे दादा, तुमच्याकडे गाठवून मिळेल का?

पेढीवरचा

मिळेल, पटवेकरी आहेत आमच्याकडे. रेशमात गाठवू, समोर बसून करून घ्या, आणि येण्याआधी अकराही पुतळ्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो आणि वेगवेगळी वजनं लिहून आणा. कुठेही द्यायच्या असल्या तरी हे करायचंच, आमच्याकडे सुद्धा.